पंख आणि पंखा

२७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून 'उडान' योजनेची सुरुवात केली. त्या दिवशी योजनेतल्या पहिल्या मार्गांमध्ये एक मार्ग नांदेड ते हैदराबाद असा होता. सरळ रेषेत जेमतेम अडीचशे किलोमीटर. विमान होतं ट्रूजेट कंपनीचं एटीआर-७२, दोन प्रोपेलरांचं. ती कंपनी पुढे २०२२ मध्ये बंद पडली, पण मधल्या वर्षांत मराठवाड्यातल्या कितीतरी माणसांनी आयुष्यातला पहिला विमानप्रवास त्या एटीआरमधूनच केला. मीही नांदेडहून त्यातूनच गेलो. आजूबाजूला कुजबुज होती, "हे पंख्याचं विमान आहे, जुनं असेल का?"

जुनं नव्हतं. छोट्या अंतरासाठी आणि बेताच्या धावपट्टीसाठी प्रोपेलर हाच आजही सगळ्यात काटकसरीचा मार्ग आहे. एटीआरमध्ये मागच्या दारानं चढतात, कारण पुढच्या बाजूला सामानाची जागा असते. चढताना उजवीकडच्या इंजिनाचा आवाज येत असतो, पण त्याचा प्रोपेलर मात्र गप्प उभा असतो. त्याला ब्रेक लावून ठेवलेला असतो. इंजिन चालू, पाती थांबलेली; त्या इंजिनावर आतली वीज आणि थंड हवा चालते. मग ब्रेक सुटतो, सहा पाती फिरायला लागतात आणि काही क्षणांत त्यांची एक धूसर चकती होते. माझी जागा पंखाखाली होती. एटीआरचा पंख छताच्या उंचीवर असतो, त्यामुळे खिडकीतून ती चकती आणि तिच्या मागेच असलेली पंखाची पुढची कड दोन्ही एकदम दिसतात. हे प्रकरण त्या दोघांच्या मधल्या हवेबद्दल आहे.

मराठीत पंख आणि पंखा यांच्यात एका कान्याचं अंतर आहे. विमानविद्येतही त्यांच्यातलं अंतर फारसं मोठं नाही. प्रोपेलरचं एक पातं कापून पाहिलं, तर त्याचा छेद पंखाच्या छेदासारखाच दिसतो: वरून फुगीर, पुढे गोल, मागे निमुळता. पंख हवेला खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो. पातं हवेला मागे ढकलतं आणि विमान पुढे जातं. काम एकच, दिशा वेगळी. तरीही अनेक वर्षं अभियंते दोघांचा हिशोब बहुतेक वेळा वेगळा मांडत आले. प्रोपेलर एका बाईंचा, पंख दुसऱ्या बाईंचा, असं एकाच स्वयंपाकघरात चालावं तसं. पण चूल एकच असते. प्रोपेलरनं मागे टाकलेल्या हवेतच पंखाला काम करायचं असतं, आणि पंख आपल्या पुढची हवा आधीच वाकवून प्रोपेलरच्या तोंडी देतो.

आधी सोपी बाजू घेऊ. पंखाची उचल हवेच्या वेगाच्या वर्गानुसार वाढते. वेग दुप्पट झाला की उचल चौपट. दीडपट झाला तर सव्वादोन पट. आता एटीआर धावपट्टीवरून उठतानाचा वेग पाहा: ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. पंखाच्या बाहेरच्या टोकाला हवा त्याच वेगानं भेटते. पण प्रोपेलरच्या मागे ती तशी राहत नाही. एका प्रोपेलरचा व्यास ३.९३ मीटर, मिनिटाला १,२०० फेरे, मागे १,८०० किलोवॉटच्या आसपास ताकद. ढोबळ हिशोब मांडला तर ताशी दोनशेनं आलेली हवा पात्यांतून पार होऊन पुढे तीनशेच्या जवळ पोचते. म्हणजे पंखाच्या त्या पट्ट्यावर उचल बाकीच्या पंखाच्या जवळपास दुप्पट व्हायला हवी.

'व्हायला हवी' असं मी मुद्दाम म्हणतो. दोन प्रोपेलरांच्या चकत्या जोडल्या तर रुंदी पावणेआठ मीटरच्या पुढे जाते, आणि पंखाची एकूण लांबी २७ मीटर आहे. म्हणजे पंखाचा जेमतेम तीन दशांश भाग प्रोपेलरच्या वाऱ्यात भिजतो, आणि तोही पूर्ण नाही. पात्यांमागची हवा वेग घेते तशी आकसते, नदी खडकात शिरताना अरुंद होऊन धावते तशी. शिवाय त्या वाऱ्याची उंचीही मर्यादित असते. पंखाला पूर्ण फायदा व्हायचा तर वेगवान हवा वर आणि खाली भरपूर दूरपर्यंत असावी लागते. पातळ पट्ट्याच्या रूपात आली तर तिच्या पलीकडची संथ हवा पंखाचं काम अर्धवट राखते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते, म्हणून इथेच लक्षात ठेवावी.

आता अवघड बाजू. प्रोपेलर हवेला फक्त मागे ढकलत नाही, तिला पीळही देतो.

हे कागदावर समजावणं मला कधी नीट जमलं नाही. शेवटी एका मे महिन्यात नांदेडला बहिणीच्या घरी असताना मी नववीतल्या भाचीला सोबत घेऊन टेबलफॅनवर प्रयोग केला. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घेतला. तो मुडपून एक पंख बनवला, वीतभर लांब, चार बोटं रुंद. तो तारेवर चिकटवला, तार अर्ध्या विटेत रोवली आणि वीट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवली. पंखा सुरू केला की कागदी पंख थोडा उचलला जातो, आणि जितकी उचल मिळते तितके ग्रॅम काट्यावर कमी होतात. पंखाचा कोन आम्ही अजिबात बदलला नाही. फक्त आधी वीट पंख्याच्या मध्यापासून उजवीकडे ठेवली, मग तेवढीच डावीकडे. एका बाजूला वजन १७ ग्रॅमनं घटलं, दुसऱ्या बाजूला कसंबसं चार ग्रॅमनं.

भाची म्हणाली, "मामा, पंखा एकच, वारा एकच, मग असं कसं?"

मग आम्ही एका सरळ काडीला शिवणाचे दोरे बांधले आणि काडी पंख्यासमोर आडवी धरली. तिनंच आधी पाहिलं: "मामा, इकडचे दोरे वर जायलेत अन् तिकडचे खाली!"

एवढंच ते गुपित आहे. फिरणारं पातं ज्या बाजूला वर जातं, त्या बाजूच्या हवेलाही ते थोडं वर नेतं. ज्या बाजूला खाली येतं, तिथे हवा खाली दाबली जाते. पंखाला मग एका बाजूला खालून वर येणारी हवा भेटते, म्हणजे त्याचा कोन वाढल्यासारखा होतो आणि उचल वाढते. दुसऱ्या बाजूला हवा वरून खाली येते, कोन घटतो, उचल घटते. पंखा एकच, पंख एकच, पण मध्यरेषेच्या दोन्हीकडे दोन वेगळी आयुष्यं.

एटीआरचे दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेनं फिरतात. मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. दोन्ही बाजूंना तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स आणि तीच पाती बसवता यावीत, सुटे भाग एकच ठेवावे लागावेत, हा त्यामागचा व्यवहार आहे. पण त्यामुळे डाव्या प्रोपेलरमागे पंखाची बाहेरची बाजू जास्त उचलली जाते, आणि उजव्या प्रोपेलरमागे आतली. विमान डावीकडे-उजवीकडे सारखं दिसतं, हवेच्या दृष्टीनं मात्र सारखं नसतं. वैमानिक हा फरक सुकाणूच्या बारीक दुरुस्त्यांनी सांभाळतात, प्रवाशाला त्याची जाणीवही होत नाही. एअरबसच्या ए-४००एम या चार इंजिनांच्या मालवाहू विमानात हा व्यवहार नाकारलेला आहे. तिथे प्रत्येक पंखावरचे दोन प्रोपेलर एकमेकांच्या उलट फिरतात, असे की त्यांच्या मधल्या जागेत दोन्हींची पाती खाली येतात. त्यासाठी वेगळे गिअर बनवावे लागले. मोबदल्यात दोन्ही पंखांवरची हवा आरशातल्या प्रतिबिंबासारखी सारखी झाली आणि शेपटीचा उभा पंख लहान करता आला.

पीळ वाया जातो असंही नाही. नांदेड-लातूरकडच्या घराघरात उन्हाळ्यात कूलर असतो, आणि त्याच्या तोंडाशी उभ्या-आडव्या झडपा असतात. झडपा उघड्या असल्या की वारा खोलीत सरळ दूरपर्यंत जातो. काढून टाकल्या तर तो गोल फिरत जवळच विरतो. झडपा पीळ उलगडतात आणि त्या फिरण्यातली ताकद पुढे जाण्याकडे वळवतात. प्रोपेलरमागचा पंख थोड्या प्रमाणात हेच करतो. म्हणून पंखासमोर बसवलेला प्रोपेलर एकट्यानं फिरणाऱ्या प्रोपेलरपेक्षा थोडा काटकसरी ठरू शकतो, आणि ती काटकसर मोजताना ती प्रोपेलरच्या खात्यात धरावी की पंखाच्या, हा प्रश्नच उरत नाही.

पंखाच्या टोकाला याहून मोठी संधी असते. पंखाखाली दाब जास्त, वर कमी, त्यामुळे टोकाशी खालची हवा बाहेरून वळसा घालून वर चढते आणि विमानामागे एक लांबच लांब वावटळ सोडते. ती वावटळ फिरवायला लागणारी ताकद विमानालाच द्यावी लागते. आता अगदी टोकावर प्रोपेलर बसवला आणि तो या वावटळीच्या उलट फिरवला, म्हणजे विमानाच्या अंगाकडच्या बाजूला पाती वर जातील असा, तर वावटळ काही अंशी पुसली जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वाऱ्याच्या बोगद्यात हे मोजून दाखवलेलं आहे. प्रोपेलर वावटळीच्याच दिशेनं फिरवला की तोच वाईट ठरतो, वावटळ बळावते. मग टोकावर इंजिन का बसवत नाहीत? कारण एक इंजिन बंद पडलं तर दुसरं विमानाला बिजागरीवरच्या दारासारखं गरकन फिरवेल, आणि जड इंजिन पंखाच्या शेंड्यावर बांधणं म्हणजे काठीच्या टोकाला हंडा बांधणं. टोक हलकं असेल तरच हे जमायचं. ते हलकं कधी झालं, ते पुढे येतंच.

आतापर्यंत पंख्यानं पंखाला काय केलं ते पाहिलं. उलट व्यवहारही होतो. पंख हवेत पुढे सरकताना त्याच्या आधीच, काही हात पुढे, हवा वर वळायला लागते. समोरून हत्ती येताना गर्दी आधीच बाजूला सरावी तसं. त्यामुळे प्रोपेलरच्या चकतीत हवा सरळ न येता थोडी खालून वर येते. मग खाली येणाऱ्या पात्याला हवा जास्त ताठ कोनात भेटते आणि वर जाणाऱ्या पात्याला कमी. प्रत्येक पातं एका फेऱ्यात एकदा जास्त ओढ घेतं, एकदा कमी. मिनिटाला १,२०० फेरे म्हणजे प्रत्येक पात्याला मिनिटाला १,२०० वेळा हा झटका. विमानात जो खोलवरचा घुमणारा सूर ऐकू येतो, त्यात या झटक्यांचाही वाटा असतो.

हे झटके, इंजिनाचा पाया आणि पंखाचं लवणं यांचं नातं जुळलं की काय होतं, ते लॉकहीड इलेक्ट्रा या चार प्रोपेलरांच्या विमानानं जगाला दाखवलं. २९ सप्टेंबर १९५९ रोजी टेक्सासमधल्या बफेलो गावाजवळ एक इलेक्ट्रा हवेतच फुटलं, ३४ माणसं गेली. १७ मार्च १९६० रोजी इंडियाना राज्यातल्या टेल सिटीजवळ दुसरं, ६३ माणसं गेली. दोन्ही वेळा पंख तुटून वेगळे झाले होते. फिरणारा प्रोपेलर हा एक मोठा भोवराच असतो. भोवऱ्याला टिचकी मारली की तो डुलतो. इंजिनाचा पाया सैल झाला असेल तर इंजिन आणि प्रोपेलर मिळून डुलायला लागतात, आणि त्या डुलण्याची लय उतरत उतरत पंखाच्या स्वतःच्या लयीशी जुळली तर पंख त्या तालावर हेलकावे खात काही सेकंदांत तुटतो. अभियंत्यांना हा धोका तत्त्वतः माहीत होता, पण धडधाकट विमानात तो येईल असं वाटलं नव्हतं. नंतर सगळ्या इलेक्ट्रांचे इंजिनांचे पाये आणि पंख बळकट केले गेले आणि ती विमानं पुढे अनेक वर्षं नीट उडाली. मी हा अपघात इथे सांगतो आहे, कारण पंखाचं आणि पंख्याचं गणित वेगवेगळ्या वह्यांत मांडल्याची किंमत त्यात स्पष्ट दिसते.

आता वाऱ्यात भिजणाऱ्या त्या पट्ट्याकडे परत येऊ. पंखाचा जेमतेम तीन दशांश भागच वाऱ्यात भिजतो, तर सगळा पंख का भिजवू नये?

हा विचार नवा नाही. फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीनं १९५८ मध्ये ब्रेगे-९४० नावाचं प्रायोगिक विमान उडवलं आणि १९६१ मध्ये त्याचं मोठं भावंड, ब्रेगे-९४१. चार मोठे प्रोपेलर असे बसवलेले की त्यांच्या चकत्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास सगळा पंख व्यापतात. मागे मोठाल्या झडपा खाली वाकवल्या की पात्यांची हवा पंखावरून घसरत खाली वळे आणि विमान फारच थोड्या धावपट्टीत उठे. फ्रेंच लोक त्याला 'फुंकलेला पंख' म्हणत. पण अशा विमानात एक भयंकर पेच असतो. पंखाची उचलच पंख्यावर अवलंबून असेल, तर एक इंजिन बंद पडताच त्या बाजूची उचलही जाते आणि विमान त्या अंगावर कलंडतं. ब्रेगेनं पंखाच्या आतून एक लांब दांडा फिरवला आणि चारही प्रोपेलर त्याला जोडले. एक इंजिन थांबलं तर बाकीची तीन इंजिनं मिळून चारही प्रोपेलर फिरवत राहतात. उत्तर हुशार होतं, पण जड आणि महाग. फ्रेंच हवाई दलाकडे या जातीची चारच विमानं गेली.

इथे वीज कामाला आली. मोठं इंजिन लहान केलं की त्याची काटकसर झपाट्यानं घसरते. वीस अश्वशक्तीचं टर्बाइन इंजिन बनवणं हा शुद्ध तोट्याचा धंदा आहे. विजेची मोटर मात्र लहान केली तरी जवळपास तेवढीच चांगली राहते. आपल्या शिवारात हे डोळ्यांसमोर आहे. सोयाबीनवर फवारणी करणाऱ्या ड्रोनला चार-सहा पंखे असतात, एकमेकांपासून स्वतंत्र, फक्त तारांनी जोडलेले. दांडा नाही, गिअर नाही. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये बचत गटांतल्या महिलांना १५,००० ड्रोन देण्याची 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. त्या ड्रोनना पंख नसतात. नवी मुंबईच्या आयडियाफोर्ज कंपनीच्या 'स्विच' या मानवरहित विमानाला मात्र आहे. ते पंख्यांवर उभंच्या उभं उठतं आणि मग पंखाच्या जोरावर लांब जातं. जानेवारी २०२१ मध्ये भारतीय लष्करानं त्याची मागणी नोंदवली.

पंख आणि अनेक पंखे एकत्र करण्याचा सगळ्यात जिद्दीचा प्रयत्न अमेरिकेच्या 'नासा'नं केला. जून २०१६ मध्ये त्यांनी एक्स-५७ मॅक्सवेल या विमानाची घोषणा केली. इटलीच्या टेक्नम कंपनीचं पी-२००६टी हे दोन इंजिनांचं छोटं विमान घेतलं. त्याचा १४.८ चौरस मीटरचा पंख काढून ४२ टक्के क्षेत्रफळाचा अरुंद पंख लावायचा. नव्या पंखाच्या पुढच्या कडेवर बारा छोटे प्रोपेलर, प्रत्येकाचा व्यास पाऊण मीटरहूनही कमी. आणि दोन्ही टोकांवर एकेक मोठा प्रोपेलर, वावटळीच्या उलट फिरणारा. विजेची मोटर हलकी, म्हणून टोक हलकं.

पंख इतका लहान का? याचं उत्तर मला लग्नाच्या मांडवात सापडतं. विमानाचा पंख केवढा असावा हे ठरतं उतरतानाच्या काही मिनिटांवरून, कारण तेव्हा वेग कमी असतो आणि तरी वजन पेलायचं असतं. उरलेला सगळा प्रवास तो मोठा पंख नुसता हवेत घासत नेला जातो. लग्नाच्या दिवशी हजार माणसं येणार म्हणून उभारलेला मांडव वर्षभर अंगणात ठेवावा आणि रोज त्याचं भाडं भरावं, तसं हे आहे. एक्स-५७ मध्ये बारा छोटे पंखे लग्नाच्या दिवसापुरते होते. उठताना आणि उतरताना ते फिरणार, पंखावर वारा सोडणार आणि लहान पंखाकडून मोठ्या पंखाचं काम करून घेणार. एकदा वेग आला की ते थांबणार, त्यांची पाचही पाती मागे मिटून आपल्या कोशाला चिकटणार, छत्री मिटावी तशी. पुढे सगळा प्रवास टोकांवरच्या दोन प्रोपेलरांवर.

या बारा पंख्यांच्या रचनेत एक बारकावा आहे, जो मला सगळ्यात सुंदर वाटतो. साधा प्रोपेलर बनवताना ओढ किती मिळते हे पाहतात. इथे ओढ नको होती! उतरताना विमानाला थांबायचं असतं. बारा पंखे त्याला जोरात पुढे ओढायला लागले तर ते उतरणारच नाही. हवा होता फक्त पंखावरून धावणारा एकसारखा वारा, कमीत कमी ओढीत. म्हणून पात्यांचा पीळ असा दिला की चकतीभर हवा सारख्या वेगानं मागे जावी, मध्ये उणी आणि कडेला जास्त असं होऊ नये. हे पंखे पंखासाठी बनवले होते, विमानाला ओढण्यासाठी नाही. आणि इथेच पातळ पट्ट्याची ती अडचण परत आली. पंखे लहान केले की त्यांचा वाराही पातळ होतो आणि उचलीचा फायदा साध्या वर्गाच्या हिशोबापेक्षा कमी भरतो. पंखे मोठे केले तर वारा जाड होतो, पण वजन वाढतं आणि मिटलेली पातीही अंगावर येतात. बारा हा आकडा या ओढाताणीतून आला.

शेजाऱ्यांचाही प्रश्न असतो. दोन पंखे लागून असतील आणि दोन्ही एकाच दिशेनं फिरत असतील, तर त्यांच्या मधल्या जागेत एकाची पाती वर जातात आणि दुसऱ्याची खाली येतात. तिथला पीळ बराचसा आपसात मिटतो. उलट दिशांनी फिरवले तर मध्ये दोन्ही वर किंवा दोन्ही खाली, आणि पंखावर उचलीचे उंचवटे-खळगे पडतात. शिवाय दोन पंखे अगदी सारख्या फेऱ्यांनी फिरले तर त्यांचे सूर एकमेकांत मिसळून आवाज टोचायला लागतो. थोडे मागेपुढे ठेवले तर तो पसरतो. पण एक पंखा बंद पडला तर जातो पंखाचा बारावा हिस्सा, अर्धा नाही. ब्रेगेच्या लांब दांड्याचं काम इथे तारा करतात.

एक्स-५७ उडालं नाही. दोन मोटरांवरच्या चाचण्या जमिनीवर झाल्या. बारा पंख्यांचा पंख त्या विमानाला कधी लागलाच नाही. जून २०२३ मध्ये नासानं जाहीर केलं की हे विमान उडवलं जाणार नाही. बॅटऱ्यांनी त्रास दिला, मोटरला वीज देणाऱ्या यंत्रणेतले ट्रान्झिस्टर वारंवार जळाले, आणि शेवटी ओढ देणाऱ्या यंत्रणेतच असा दोष सापडला की वैमानिकाचा जीव धोक्यात घालणं त्यांना मान्य झालं नाही. हा निर्णय मला योग्य वाटतो. सात वर्षांचं काम वाया गेलं नाही, त्याची मोजमापं सगळ्यांसाठी खुली आहेत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इलेक्ट्रा नावाच्याच एका नव्या अमेरिकी कंपनीचं आठ पंख्यांचं छोटं विमान उडालं. त्या जुन्या लॉकहीडशी तिचा संबंध नाही, नावाचा योगायोग मात्र विलक्षण आहे. त्यात बॅटरीसोबत वीज बनवणारं एक छोटं इंजिनही आहे. ते विमान पुढच्या वर्षी ५०-५५ मीटरच्या धावेत उठून आणि तेवढ्यातच थांबून दाखवू लागलं.

बॅटरीच्या जोडीला इंजिन का, याचं कारण सरळ आहे. किलोभर विमानाच्या इंधनात साधारण १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. किलोभर चांगल्या बॅटरीत अडीचशे-तीनशे. मोटर इंधनाच्या इंजिनापेक्षा दोन-तीन पटींनी कार्यक्षम असली तरी ही दरी भरत नाही. नांदेड-हैदराबाद किंवा लातूर-पुणे एवढ्या टप्प्याचंच स्वप्न आज शक्यतेच्या जवळ येतं.

आणि लातूरचं नाव काढलं म्हणून. लातूरला धावपट्टी आहे, पण नियमित प्रवासी विमानसेवा तिथे टिकली नाही. तिथे मे महिन्यात दुपारी दोन वाजता उभं राहून पाहावं. गाव बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. पारा ४० वर. या उंचीवर आणि या उष्णतेत हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के हलकी होते. तेवढीच उचल मिळवायला पंखाला सुमारे आठ टक्के जास्त वेगानं धावावं लागतं. म्हणजे धावपट्टीवर जास्त अंतर, आणि हे होत असताना टर्बाइन इंजिनाची ताकदही हलक्या हवेमुळे घटलेली असते. म्हणून उन्हाळ्यात अशा ठिकाणाहून उडताना विमानाला वजन कमी करावं लागू शकतं, काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागू शकतात. विजेच्या मोटरला हवा हलकी झाल्याचं सोयरसुतक नसतं; ती तेवढ्याच ताकदीनं फिरते. फुंकलेल्या पंखाचा फायदाही टिकतो, कारण पात्यांमागची हवा हलकी झाली तरी त्याच ताकदीत ती जास्त वेगानं मागे जाते.

पण मोटरला आणि तिच्या वीजयंत्रणेला थंड ठेवायचं असतं, आणि थंड करायला हवा तीच मिळणार, लातूरची ४० अंशांची, नांदेडची ४३ ची. एक्स-५७ च्या प्रयोगशाळेत जे ट्रान्झिस्टर जळाले, त्यांच्या जागी बसणाऱ्या पुढच्या पिढीच्या भागांना आपल्या या दुपारी तासन् तास धावपट्टीवर उभं राहता आलं पाहिजे. त्याच दुपारी बहिणीच्या घरचा कूलर आडव्या झडपांतून पीळ उलगडत सरळ वारा सोडत असतो, आणि त्याची मोटर हाताला चटका बसेल इतकी तापलेली असते.